आकाश अंशतः ढगाळ राहील

चेन्नईतल्या अड्यारच्या माणसाला पावसाचा अंदाज कळायला वर्तमानपत्र लागत नाही. वेळचेरीच्या उड्डाणपुलावर मोटारी ओळीने उभ्या दिसल्या, की समजायचं, हवामान खातं काहीतरी गंभीर बोललंय. पुलाखालच्या सखल वस्त्यांतले लोक पावसाच्या आदल्या दिवशीच आपापली गाडी वर आणतात, कठड्याला लावतात, काचा नीट बंद आहेत का ते दोनदा बघतात आणि चालत घरी जातात. २०१५ आणि २०२३ च्या पुरांत ज्यांच्या गाड्या इंजिनापर्यंत बुडाल्या, त्यांनी काढलेली ही तोड आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये लाल इशारा आला तेव्हा पुलावर इतकी गर्दी झाली, की पोलीस दंड करतायत अशी आवई उठली आणि आम्ही दंड वगैरे करत नाही, असा खुलासा पोलिसांना करावा लागला. एवढं झाल्यावर पावसाने काय करावं? १५ तारखेला त्याने शहराला झोडपलं, आणि १६ तारखेला, म्हणजे जिच्यासाठी सगळा लाल रंग खर्ची पडला होता त्या दिवशी, पाऊस आणणारी प्रणाली उत्तरेकडे सरकली. शाळा बंद, कचेऱ्या बंद, पूल भरलेला आणि आभाळातून पडतंय काय, तर भुरभुर. सगळे गॅलरीत उभे राहून एकमेकांकडे बघत होते. फुकटात धुऊन निघालेल्या गाड्या मात्र पुलावर चकाकत होत्या.

बाकीची चिन्हं घरच्या घरी मिळतात. सकाळी सातला आविनचं दूध संपलं, ब्रेड संपला, मेणबत्त्या संपल्या आणि कामाला येणाऱ्या अक्कांनी ‘उद्याचं काही सांगता येत नाही’ असं आजच सांगून ठेवलं, तर लाल इशारा. नुसता ब्रेड संपला असेल तर केशरी. अक्का आल्या आणि छत्री आमच्याकडेच विसरून गेल्या, तर हिरवा.

तरीही अधिकृत अंदाज असतोच, आणि तो मी रोज वाचतो. मी पुण्याचा. शिवाजीनगरच्या ज्या कचेरीला पुणेकर अजून शिमला ऑफिस म्हणतात, तिच्या पंचक्रोशीत वाढलेला. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं, १९४४ साली ते दिल्लीला गेलं. पण खात्याची टिंगल करण्याचा हक्क पुण्याने परत दिला नाही. खात्याने छत्री न्या म्हटलं, की ती मुद्दाम खुंटीला ठेवून बाहेर पडणारे काका आमच्या वाड्यात होते. ते भिजून घरी आले तरी ‘योगायोग’ म्हणायचे.

मद्रासचं प्रकरण त्याहून जुनं. नुंगंबाक्कमला कंपनी सरकारने १७९२ साली वेधशाळा बांधली. तिथल्या आवारातून आज प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज निघतो. सव्वादोनशे वर्षं एकाच जागेवरून आभाळाकडे बघितल्यावर माणसाच्या भाषेला जो एक सावधपणा येतो, तो त्या अंदाजात उतरलाय. आकाश अंशतः ढगाळ राहील. शहराच्या काही भागांत मेघगर्जनेसह हलका पाऊस पडण्याची शक्यता आहे. एप्रिल असो, ऑगस्ट असो, हे वाक्य कधी कुणाला खोटं पाडता आलेलं नाही. ‘अंशतः’ म्हणजे किती ते आभाळाने ठरवायचं. ‘काही भाग’ म्हणजे तुम्ही उभे आहात तो सोडून बाकीचे. आणि पाऊस आला नाही तरी त्याची शक्यता होतीच, ती कुठे पळून गेली नाही. खात्यात या शब्दांना नेमका अर्थ आहे, बरं का. पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस म्हणजे ‘तुरळक’, पन्नासपर्यंत ‘काही ठिकाणी’, पंचाहत्तरपर्यंत ‘बऱ्याच ठिकाणी’. सगळं मोजूनमापून. फक्त आपण त्या टक्केवारीत बसतो की नाही, हे कपडे वाळत घालणाऱ्या माणसाला शेवटपर्यंत कळत नाही.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक मामा राहतात. आमच्या गल्लीत कुठल्याही वयस्कर शेजाऱ्याला मामाच म्हणतात, त्यामुळे माझ्या मुलांच्या मामांची संख्या त्यांच्या आईच्याही हाताबाहेर गेलीय. हे मामा बँकेतून निवृत्त झाले आणि पावसाच्या हिशेबाला लागले. गच्चीवर त्यांचं स्वतःचं पर्जन्यमापक आहे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. मामांचाही तसाच. साडेआठच्या ठोक्याला मामा गच्चीवर, मामी जिन्यात, इडली गार होतेय म्हणून हाका मारणार, आणि मामा डोळा नळीच्या पातळीला आणून पुतळ्यासारखे स्तब्ध. मग आकडा वहीत. मग तोच आकडा इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर, खाली बँकेतली जुनी सही असावी तशी पूर्ण नावानिशी.

मामांचं आयुष्यातलं एकच दुःख आहे. शहराचा पाऊस म्हणून पेपरात दोन आकडे येतात, नुंगंबाक्कम आणि मीनंबाक्कम. अड्यार दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आणि समुद्राच्या काठी. रात्रभर आमच्या पत्र्यावर ताशे वाजावेत आणि सकाळी छापून यावं, नुंगंबाक्कम शून्य. ‘म्हणजे आपण भिजलोच नाही, सार्,’ मामा म्हणतात. ‘सरकारदरबारी नोंद नाही.’

त्यांच्यापुढे मी एकदा आमचा पाऊस काढला. मराठी माणसाकडे परमुलखात दाखवण्यासारख्या वस्तू कमी. सह्याद्री, शिवाजी महाराज आणि पाऊस. म्हटलं, मामा, २६ जुलै २००५, सांताक्रूझ, चोवीस तासांत ९४४. मामांनी क्षणभर डोळे मिटले. बँकेचा माणूस. ‘चौऱ्याण्णव सेंटिमीटर,’ ते म्हणाले. बसलाच की नाही आकडा एकदम खाली! महाराष्ट्रात पाऊस मिलिमीटरमध्ये पडतो आणि तामिळनाडूत सेंटिमीटरमध्ये. आमच्याकडे शंभराची बातमी होते, इथे दहाची, पाणी तेवढंच. मामा पुढे म्हणाले, ‘आणि त्याच दिवशी कुलाब्याला किती होता, सार्?’ कुलाब्याला ७३ मिलिमीटर होता. हे त्यांना पाठ होतं. ‘सात सेंटिमीटर,’ मामा समाधानाने म्हणाले. ‘तुमचंही नुंगंबाक्कम आहे म्हणायचं.’ मग त्यांनी त्यांचा हुकमाचा पत्ता टाकला. डिसेंबर २०१५, तांबरम, एका दिवसात ४९. त्यावर मी बोललो नाही, कारण ते पाणी कुठे गेलं हे मला ठाऊक आहे. ते आमच्या नदीत आलं.

ईशान्य मान्सूनचा आठवडा सुरू होतो तो उपसागरात, आणि तिथला सगळा कारभार सरकारी नोकरीच्या नियमांनी चालतो. आधी ‘चक्राकार वारे’ म्हणून हंगामी नेमणूक. काम बरं वाटलं तर ‘कमी दाबाचं क्षेत्र’ म्हणून कायम. मग ‘ठळक कमी दाबाचं क्षेत्र’. या पदात पगार तोच, पाटी नवी. वाऱ्याचा वेग ताशी ३१ किलोमीटर झाला की डिप्रेशन, ५० झाला की डीप डिप्रेशन, आणि ६२ ला चक्रीवादळ. तिथे पोचल्यावर नाव मिळतं. नावांची यादी १३ देशांनी मिळून आधीच करून ठेवलेली आहे. ज्येष्ठतेप्रमाणे पुढचं नाव, वशिला चालत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात फेंगलच्या बाबतीत तर बढतीचा आदेश निघाला, मग होईलसं दिसत नाही असं कळवण्यात आलं, आणि तिसऱ्या दिवशी झाली एकदाची. नाव सौदी अरेबियाचं, लिहायचं फेंगल आणि उच्चारायचं फेंजल. आदल्या वर्षीचं मिचौंग म्यानमारचं, ते म्हणायचं मिगजौम. पेपरात एक, टीव्हीवर दुसरं आणि रिक्षात तिसरं, अशी ही वादळं एकाच वेळी तीन नावांनी फिरतात. रिक्षावाले अण्णा कुठलंच नाव घेत नाहीत. ते ‘पुयल’ म्हणतात, म्हणजे वादळ, आणि भाड्यात पन्नास रुपये वाढवतात.

फेंगलचं पुढे असं झालं, की ३० नोव्हेंबरला रात्री ते पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागलं आणि तिथेच बसून राहिलं. हलेचना. अड्यारने सुटकेचा श्वास टाकला आणि पुदुच्चेरी, विळुप्पुरम बुडालं. आमच्या मामांनी त्या रात्री वहीत काय लिहिलं मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी गटावर आकडा टाकला नाही.

वादळाचं नाव जाहीर झालं की पुण्याहून आईचा फोन येतो. ‘अरे, टीव्हीवर दाखवतायत, झाडं आडवी झालीयत. तुम्ही कुठे आहात?’ मी सांगतो, घरात. ‘खिडकीजवळ उभा राहू नकोस.’ आई, ते नागपट्टणम् आहे, इथून तीनशे किलोमीटरवर. ‘असू दे. वारं काय तिकीट काढून येतं?’ तिचं चुकतं असंही नाही. तिने मनात तामिळनाडूचा एकच जिल्हा केलाय आणि त्यात आम्ही राहतो. २०१६ च्या डिसेंबरात मात्र उलटं झालं. त्या वादळाचं नाव वरदा. पाकिस्तानने सुचवलेलं, तिकडे त्याचा अर्थ गुलाब. आई म्हणाली, ‘वरदा? वर देणारी? मग कसली काळजी!’ आणि त्या दिवशी फोन ठेवला तो ठेवलाच. १२ तारखेला दुपारी वरदा थेट शहरावरून गेली, ताशी शंभराच्या वर वारं घेऊन. हजारो झाडं पडली. थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारातल्या म्हाताऱ्या वडाला मात्र नवं काही शिकायचं नव्हतं. त्याचा मूळ बुंधा १९८९ च्या वादळातच गेला होता आणि तेव्हापासून तो पारंब्यांवर उभा आहे. आमची वीज आली आणि मोबाइलला रेंज आली, तेव्हा आईचे सतरा मिस्ड कॉल होते. ‘गुलाब’ हा अर्थ तिला मधल्या काळात शेजारच्या काकूंनी सांगितला होता.

खरी पंचाईत पंचांगाची होते. मराठी माणसाच्या अंगात पाऊस महिन्यांनी भिनलेला असतो. मृगाला पेरणी, आषाढात दिंडी, श्रावणात ऊनपाऊस. तो हिशेब घेऊन इथे आलात की वर्ष उलटं चालतंय असं वाटतं. जूनमध्ये सगळा महाराष्ट्र मातीच्या वासाचे निरोप पाठवत असतो, लोणावळ्याच्या भज्यांचे फोटो येतात, आणि अड्यारमध्ये पारा एकोणचाळीसवर बसून असतो. नैऋत्य मान्सून पश्चिम घाटावर सगळं रितं करून पलीकडे येतो तो नुसता वारा होऊन. आमची सगळी भिस्त समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यावर. तो अकरा-बाराला आला तर दुपार निभते. त्याने तीनपर्यंत दांडी मारली, तर नुंगंबाक्कमला ३१ मे २००३ रोजी झाले तसे ४५ अंशही होऊ शकतात. पाऊस येतो तो ऑक्टोबरात, कोजागिरीचं दूध आटवून झाल्यावर, आणि नेमका दिवाळीच्या आकाशकंदिलावर. वर्षाच्या जवळजवळ १४० सेंटिमीटरांतला निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडून मोकळा होतो. दाते पंचांगात नक्षत्राचं वाहन दिलेलं असतं, बेडूक, म्हैस, गाढव, हत्ती, त्यावरून पाऊस किती ते ओळखायचं. २०१५ साली अड्यारमध्ये वाहन होडी होतं.

मासेमारीचंही तेच. कोकणात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून होड्या पाण्यात घालायच्या. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. पूर्व किनाऱ्यावर ती १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे मालवणचा माणूस जाळी गुंडाळून घरी बसतो, त्यानंतर पंधरवड्यात चेन्नईच्या कासिमेडू बंदरावरचा माणूस डिझेल भरायला लागतो. देशाच्या दोन कडांना पंधरवड्याहून जास्त एकत्र रजा द्यायची नाही, असं माशांनी कुणाला सुचवलं असेल तर मला त्यांचं कौतुक वाटतं.

मुंबईचा माणूस पावसाळ्यात भरतीचं वेळापत्रक खिशात ठेवतो. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले, की त्याला दादर-हिंदमाता डोळ्यांपुढे दिसतं. इथल्या समुद्राला भरती-ओहोटी जेमतेम मीटरभराची. तिचं कुणी नावही काढत नाही. अड्यारचा माणूस त्याऐवजी फूट मोजतो. चेम्बरंबाक्कम तलावाचे फूट. हा तलाव शहराच्या पश्चिमेला, आणि त्याचं सोडलेलं पाणी येतं अड्यार नदीत. पूर्ण भरला की २४ फूट. त्यामुळे नोव्हेंबरात इथे लोक एकमेकांना ‘जेवलास का’ विचारत नाहीत, ‘किती फूट झालं’ विचारतात. एकवीस म्हटलं की चेहरा गंभीर, बावीस म्हटलं की तळमजल्यावरचे लोक फ्रिजखाली विटा शोधायला लागतात. २०१५ च्या १ डिसेंबरला त्या तलावातून २९,००० क्युसेकपर्यंत पाणी सोडलं गेलं. कोट्टूरपुरम पाण्यात, सैदापेटचा पूल पाण्याखाली, विमानतळ बंद. ‘द हिंदू’ १८७८ पासून निघतोय. दुसऱ्या दिवशी तो पहिल्यांदाच छापता आला नाही, कारण कामगार छापखान्यापर्यंत पोचूच शकले नाहीत. आणि चारच वर्षांनी, २०१९ च्या उन्हाळ्यात, हाच तलाव असा कोरडा पडला की जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. हसावं तर कशाला हसावं, असा प्रश्न ज्या मोजक्या ठिकाणी पडतो त्यांत हा तलाव येतो.

अशा आठवड्यात अंदाजापेक्षा अफवा वेगाने सरकतात. २०१५ मध्ये नासाने चेन्नई बुडणार असं सांगितल्याचा निरोप घरोघर गेला. नासाने असं काही सांगितलं नव्हतं. मद्रास क्रोकोडाइल बँकेतल्या मगरी पुरात सुटल्या, अशीही आवई होती. त्या सुटल्या नव्हत्या. आमच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तरीही स्नानगृहाचं दार काठीने उघडायची सवय लावून घेतली होती आणि सगळे त्यांना हसायचे. डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंगच्या रात्री पेरुंगळत्तूरजवळच्या रस्त्यावरून एक मगर शांतपणे चालत गेल्याची चित्रफीत सगळ्या वाहिन्यांनी दाखवली. ती खरी होती. तिकडच्या तळ्यांत मगरी आहेतच. काठीवाले गृहस्थ दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटले. काही बोलले नाहीत. नुसते बघत होते.

शाळकरी मुलांचं पावसाशी नातं या सगळ्यापेक्षा प्रामाणिक आहे. त्यांना एकच गोष्ट हवी असते, जिल्हाधिकाऱ्यांनी सकाळी जाहीर केलेली सुट्टी. त्यापायी एस. आर. रमणन या हवामानशास्त्रज्ञांना तामिळनाडूत नटांच्या पंक्तीला बसवण्यात आलं. ते टीव्हीवर आले, की मुलं गृहपाठ मिटून ठेवत. २०१६ मध्ये ते निवृत्त झाले. आता मुलं प्रदीप जॉन यांच्या पोस्टवर लक्ष ठेवून असतात. हे खात्याचे नव्हेत, हौशी. ‘तामिळनाडू वेदरमॅन’ म्हणून लिहितात, आणि त्यांच्यापुढे विनवण्या करणाऱ्यांत मुलं जास्त की गच्चीवर मांडव घातलेले वधूपिते जास्त, हे सांगणं अवघड आहे.

आता समुद्राचं. साप्ताहिक अंदाजात शेवटी एक परिच्छेद असतो, मच्छीमारांसाठी. आमच्या इमारतीत तो कुणी वाचत नाही. मी वाचतो, कारण त्याने माझा भूगोल सुधारला. ‘बंगालच्या उपसागराच्या नैऋत्य व लगतच्या पश्चिममध्य भागावर, मन्नारच्या आखातात आणि कोमोरिन क्षेत्रात ताशी ३५ ते ४५ आणि झोतात ५५ किलोमीटर वेगाने वारे वाहण्याची शक्यता, मच्छीमारांनी या भागात जाऊ नये’ अशा चालीचा तो मजकूर असतो. वाचून वाचून कोमोरिन, म्हणजे कन्याकुमारीचा परिसर, मला कोथरूडइतकं जवळचं वाटायला लागलंय. समुद्राच्या अवस्थांनाही दर्जे आहेत. लाटा अडीच मीटरच्या वर गेल्या की ‘खवळलेला’, चारच्या वर ‘अति खवळलेला’, आणि चौदा मीटरच्या पुढे गेल्या की इंग्रजीत अधिकृत शब्द आहे ‘फिनॉमिनल’. एवढा मोठा शब्द उच्चारायला त्या वेळी जवळपास कुणी उरत असेल असं वाटत नाही.

बंदरावर वादळाची खूण लावायची पद्धत अजून आहे. आपल्याकडे तीन नंबरचा बावटा लागला म्हणतात, इथे तीन नंबरचा ‘कूंडु’ चढवला म्हणतात. एक-दोन म्हणजे लांब कुठेतरी बिघडतंय, तीन-चार म्हणजे इथे बिघडेल, पाच ते सात धोका, आठ ते दहा महाधोका. पण माझा जीव अकराव्यावर आहे. अकरा नंबरचा अर्थ असा: हवामान खात्याशी संपर्क तुटलेला आहे, आणि बंदरावरच्या अधिकाऱ्याला स्वतःच्या अकलेने वाटतंय की हवा बिघडणार.

आमच्या जवळच्या एलियट्स बीचच्या उत्तरेच्या टोकाला ऊरूर ओल्कॉट कुप्पम आहे, कोळ्यांची वस्ती. ती गेली कित्येक पिढ्या अकरा नंबरवरच चाललीय. तिथले म्हातारे वाऱ्याला नावाने ओळखतात. उत्तरेचा तो वाडै, पूर्वेचा तो कोंडल. पाण्याच्या ओढीलाही दिशेप्रमाणे नावं. वाडै लागला की समुद्र फुगणार, कुठल्या दिवसांत कुठला मासा काठाशी येणार, हे त्यांना आभाळ, पाण्याचा रंग आणि होडीची कुरकुर यांवरून कळतं. मोबाइल त्यांच्याकडेही आहेत. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’चा लाटांचा अंदाज त्यांच्यापर्यंत येतो. लाटांची उंची दोन मीटर असं त्यात असतं, तेव्हा ती सगळ्यांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी सुटी लाट दुपटीच्या घरात जाऊ शकते. हे मला पुस्तकात वाचून कळलं. किनाऱ्यावर जाळं विणत बसलेल्या एका आजोबांना मी ते समजावून सांगायला गेलो. ‘तंबी,’ ते म्हणाले, ‘ती सुटी लाट मला भेटलीय.’ आणि पुन्हा जाळ्याकडे वळले.

त्यांची तक्रार अंदाजावर नाही, त्याच्या ऐसपैसपणावर आहे. वादळ नागपट्टणम्‌च्या खाली आणि ‘जाऊ नये’ अख्ख्या किनाऱ्याला. समोर समुद्र तळ्यासारखा पडलेला, आणि घरात चूल थंड. आमच्यासारख्यांना लाल इशारा म्हणजे घरून काम आणि गरम बज्जी. त्यांना ‘जाऊ नये’ म्हणजे बिनपगारी दिवस. कधी याच्या उलटही होतं. आकाश निळं, वारा नाही, पान हलत नाही, आणि इन्कॉइसचा उंच लाटांचा लाल इशारा. बीचवर सुंडल विकणारा मुलगा त्या इशाऱ्याला हसतो, फिरायला आलेले आयटीवाले हसतात. हजारो किलोमीटर दक्षिणेला, हिंदी महासागराच्या पार दुसऱ्या टोकाला कुठेतरी वादळ होऊन गेलेलं असतं आणि त्याच्या लाटा आठवडाभराने, हवेला न सांगता, इथे येऊन पोचतात. त्या दिवशी कुप्पममध्ये होड्या वर ओढलेल्या दिसतात. तिथे हसत नाहीत.

२०१२ च्या ३१ ऑक्टोबरला नीलम वादळात ‘प्रतिभा कावेरी’ नावाचं तेलवाहू जहाज नांगर न टिकून याच एलियट्स बीचच्या वाळूत येऊन रुतलं. जहाज सोडून जीवरक्षक होडीत उतरलेल्यांपैकी काही खलाशी बुडाले. पुढच्या ११ तारखेला जहाज ओढून नेईपर्यंत सगळं शहर मुलाबाळांसह ते बघायला लोटत होतं. सुंडलचा धंदा तेजीत, भाजलेल्या कणसाचा धंदा तेजीत, बंदोबस्ताला पोलीस. अंदाजाच्या शेवटच्या परिच्छेदातले ते ठरावीक आकडे माणसाच्या अंगावर आले तर कसे दिसतात, हे त्या दिवसांत बघायला मिळालं. मामा मात्र गेले नाहीत. ‘त्यात मोजायचं काय आहे, सार्?’

अड्यारला यायचंच असेल, तर जानेवारीच्या अखेरीला या. तेव्हा अंदाजात ‘कोरडं हवामान’ लिहिलेलं असतं आणि ते खरं ठरतं. कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येऊ लागतात आणि रात्री त्यांची घरटी शोधत फिरणाऱ्या स्वयंसेवकांबरोबर थोडं चालताही येतं. हलकं पांघरूण बरोबर असू द्या. मामा पारा विशीला टेकला की कानटोपी घालतात आणि पाहुण्याने घातली नाही तर रागावतात. समुद्रात मात्र उतरू नका. एलियट्स बीचवर पोहायला मनाई आहे, तशी पाटी आहे, आणि काठाजवळची पाण्याची ओढ बाराही महिने असते.